उपकरण आणि अपराध

कर्माचे बरेवाईटपण कर्त्याच्या हेतूवर ठरते की परिणामावर, हा नीतिशास्त्रातील वाद फार जुना आहे. परंतु हेतू तोच, परिणाम तोच, आणि पालटले ते केवळ उपकरण, तर आपला निवाडाही पालटावा काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो आम्ही आज अशा एका उद्योगाच्या निमित्ताने विचारणार आहो, की ज्याचे नाव सुशिक्षित कुटुंबांत जरा दबक्या आवाजानेच घेतले जाते. तो उद्योग म्हणजे घरच्या घरी मद्य तयार करणे.

उदाहरणाला भिवंडी घेऊ. हा यंत्रमागांचा गाव. येथे वीज ही चैनीची वस्तू नसून भाकरीचे साधन आहे. त्याच तालुक्यात, वज्रेश्वरीच्या बाजूस, वारली व कातकरी यांचे पाडे आहेत आणि चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले गळतात. आता कल्पना करावी की शहरातील एका शिकलेल्या गृहस्थाने विजेवर चालणारे बीअरचे उपकरण घरात उभारले आहे, आणि पाड्यावरील एक बाई मडक्यात मोहाची फुले भिजवून चुलीवर दारू गाळीत आहे. पहिल्याचा उद्योग आपण ‘छंद’ म्हणून ऐकतो. दुसरीचा ‘गुन्हा’ म्हणून. हा भेद कोठून आला?

प्रथम त्या गृहस्थाचे उपकरण पाहू. कारण त्यातील बुद्धिकौशल्य नाकारणे अन्यायाचे होईल. पोलादी भांड्यात पाणी घेऊन त्यात मोड आणून वाळविलेल्या सातूचा भरडा सुमारे 65 ते 68 अंश सेल्सियस उष्णतेवर तासभर ठेवावा लागतो. तेवढ्या अवधीत सातूतील पाचक द्रव्ये पिठाची साखर करितात. उष्णता फार वाढली तर ती द्रव्ये निकामी होतात, फार उतरली तर काम रेंगाळते. पुढे तो रस गाळून हॉप्सबरोबर उकळावयाचा, निववावयाचा आणि त्यात किण्व सोडावयाचे. 3000 वॅटचा हीटर 25 लिटर पाणी 27 अंशांवरून 67 अंशांवर न्यावयास, उष्णता वाया जात नाही असे धरल्यास, सुमारे 23 मिनिटे घेतो. 230 व्होल्टवर तो सुमारे 13 अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणजे घरातील साधा सॉकेट त्यास चालत नाही. जाड तार, 16 अँपिअरचा सॉकेट, चोख अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारा खटका, इतके सारे लागते.

आणि मग बिघाड सुरू होतात. उष्णतामापक 67 दाखवितो, पण साखर उतरत नाही. शोध करिता कळते की मापकाची नळी हीटरच्या अगदी जवळ असल्याने ती केवळ तेथील पाण्याची साक्ष देत होती; भांड्याच्या मध्यावर भरडा कोमटच होता. रसाला करपट वास येतो. हीटरवर पीठ बसून जळलेले असते. खटका वारंवार पडतो. कोठे तरी सांधा ओलावलेला असतो किंवा हीटरचे आवरण तडकलेले असते. प्रत्येक वेळी एकच रीत चालते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, निष्कर्ष वहीत टिपावा, आणि ‘कोणी बिघडविले’ यापेक्षा ‘कोठे बिघडले’ हे आधी पाहावे. धागा तुटून माग थांबला असता भिवंडीचा कारागीर धाग्याला शिव्या देत बसत नाही. तो तुटलेले टोक शोधतो. या शिस्तीत एक नैतिक शिक्षण आहे, हे आम्हांस मान्य आहे.

युरोपात तर मद्यकर्माच्या आश्रयाने शास्त्रेच वाढली. विद्युत्प्रवाहाने तारेत किती उष्णता उत्पन्न होते याचा नियम 1840 च्या सुमारास शोधणारा जेम्स जूल हा मद्योत्पादकाचा मुलगा. आपल्या गृहस्थाचा हीटर चालतो तो त्याच नियमाने. पाश्चरने 1876 मध्ये बीअरवर ग्रंथ लिहून किण्वनातील सूक्ष्म जीवांचे कार्य उलगडले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत 1883 मध्ये हान्सेनने शुद्ध किण्व वेगळे केले, आणि तेथेच 1909 मध्ये सोरेन्सेनने आम्लता मोजण्याची पीएच ही संज्ञा दिली.

त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा झाला आणि मद्य गाळण्याचा अधिकार परवानेवाल्यांच्या हाती एकवटला. 1892 च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर व त्यांच्या व्यवहारावर निर्बंध आले. हे फूल केवळ दारूचे नव्हे. टंचाईच्या दिवसांत ते शिजवून खातात. तरीही मद्यापूर्वी फूलच संशयित ठरले. या धोरणामागे प्रजेच्या नीतीची काळजी किती आणि महसुलाची किती, हे वाचकांनीच ठरवावे. महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करण्यावरील व वाहून नेण्यावरील निर्बंध उठविले ते 2021 मध्ये. एकीकडे मद्यकर्मातून प्रयोगशाळा निघाल्या, दुसरीकडे त्याच कर्मातून गुन्हेगारांची यादी निघाली. आंबण्याची क्रिया दोहींकडे एकच होती.

कोणी म्हणेल, ‘तुम्ही दारूची भलावण करता.’ तसे नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असता जोतीराव फुले यांनी 1880 मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढीस विरोध केला, तो गरिबांचे संसार डोळ्यांपुढे ठेवूनच. 1972 च्या सुमारास शहादा भागातील आदिवासी स्त्रियांनी स्वतःच गावोगाव दारूची मडकी फोडली. ज्यांच्या पाठीवर नवऱ्याच्या नशेचे वळ उठले, त्यांच्यापुढे मोहाच्या परंपरेचे गोडवे गाणे हा निर्लज्जपणा होईल. शिवाय सातूचा रस आंबविणे आणि फुलांचा अर्क गाळणे यांत भेद आहे. गाळलेले मद्य अधिक तीव्र असते. हेही आम्ही विसरत नाही.

दुसरा कोणी म्हणेल, ‘उपकरणामुळे शुद्धता येते, पाड्यावरची दारू विषारी.’ मडके सर्वस्वी निर्धोक आहे असे आमचे म्हणणे नाही. पण 2015 च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे दगावली, ती मोहाच्या फुलाने नव्हे. कारखान्यांत लागणारे मिथेनॉल दारू म्हणून विकण्यात आले, त्याने ती मेली. तेथे अज्ञान पिणाऱ्याचे होते. विकणाऱ्याचा लोभ अज्ञानी नव्हता.

आणि कायद्यापुरते बोलावयाचे तर तो दोघांत भेद करीतच नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याची 12 वी व 13 वी कलमे परवान्यावाचून मद्य तयार करण्यासच नव्हे, तर त्यासाठी भांडी व साहित्य जवळ ठेवण्यासही मनाई करितात. पोलादी भांडे आणि मातीचे मडके त्या अक्षरांपुढे समान आहेत. भेद करितो तो समाजाचा डोळा. उष्णतामापक दिसला की त्यास विद्या दिसते. धूर दिसला की व्यसन दिसते.

आमच्या मते उपकरणाने निवाड्यात फरक पडावा, पण तो उलट दिशेने. उपकरण म्हणजे साठविलेले ज्ञान, आणि ज्ञानाबरोबर जबाबदारी वाढते. ज्याला मद्याचे प्रमाण मोजता येते, त्याला ते मुलाच्या हाती जाऊ न देण्याचे भानही असावयास हवे. ज्याने कायद्याची कलमे वाचली आहेत, त्यास ‘ठाऊक नव्हते’ ही सबब उरत नाही. ज्याचे पोट दुसऱ्या उद्योगावर भरते, त्याच्या मागे गरजेची ढाल नाही. पाड्यावरच्या बाईजवळ यांपैकी प्रत्येक सबब थोडीफार आहे. गृहस्थाजवळ एकही नाही. तरी आपली क्षमा नेमकी त्यालाच मिळते. याचा अर्थ बाई निर्दोष असा नव्हे. अर्थ एवढाच की दोष मोजण्याचा आपला काटा बिघडलेला आहे.

बिघाड शोधण्याची जी रीत गृहस्थाने भांड्यापाशी शिकली, ती येथेही लागू आहे. मापक कोठे बसविला आहे ते आधी पाहावे. आपला मापक प्रतिष्ठेच्या अगदी जवळ बसविलेला आहे, म्हणून तो तेथलीच उष्णता दाखवितो आणि साऱ्या भांड्याची म्हणून सांगतो. अशा वेळी खटका पुन्हा पुन्हा पडतो तो आपल्या सोयीसाठी बांधून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय असतो. पण ज्याने विजेचे काम केले आहे त्याला ठाऊक असते, की बांधलेला खटका गळती थांबवीत नाही, फक्त ती कोणाच्या तरी अंगातून वाहील याची व्यवस्था करितो.