कवडसा आणि भेग

कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्राला आपल्या मराठीत दोन नावे आहेत. कोणी त्याला प्रकाशचित्र म्हणतात, तर बहुतेक जण छायाचित्र. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ प्रकाशाने लिहिणे असा होतो. त्या दृष्टीने पहिले नाव अधिक नेमके आहे. तरीही आपल्या तोंडी रुळले ते दुसरेच. लोकभाषेने सावलीला हा मान का दिला असावा, याचा विचार आम्ही अनेक वर्षे केला नव्हता. एका खिडकीने तो आम्हांला करावयास लावला.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हिवाळ्यातील संध्याकाळ पाहण्यासारखी असते. बदलापुरातून पाहिले असता सूर्य मलंगगडाच्या रांगेकडे कलतो. त्या वेळी त्याचे किरण वातावरणाचा फार मोठा थर ओलांडून आपल्यापर्यंत येतात. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबूस-सोनेरी तेवढा उरतो. किरण जवळजवळ आडवे येत असल्यामुळे खिडकीतून शिरलेला कवडसा जमिनीवर न पडता थेट समोरच्या भिंतीवर उमटतो. जुन्या भिंतीची जाडी, खिडकीचे गज, तावदानावरची धूळ या साऱ्यांची छाया त्यात मिसळते आणि पाच-दहा मिनिटांसाठी एखादी पोपडे आलेली भिंतही चित्रासारखी दिसू लागते.

या भूमीत प्रकाशाला वाट करून देणाऱ्या वास्तू कमी नाहीत. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले. त्यावरील लेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ नोंदलेला आहे. त्याचे मुख पश्चिमेकडे आहे. १८६८ साली मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेच्या मंडळींकडून त्याची आरेखने, छायाचित्रे आणि ठसे करवून घेतले होते. उल्हासनगरची कथा निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकी उभ्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या बांधवांना तेथे आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. सैनिकांनी चार दिवस राहावे म्हणून बांधलेल्या खिडक्यांतून पिढ्यान्‌पिढ्यांनी सूर्यास्त पाहिले.

छायाचित्रणाचा जन्मही खिडकीपाशीच झाला. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारा देखावा धातूच्या पत्र्यावर उमटविला. आज टिकून असलेले कॅमेऱ्यातील सर्वांत जुने छायाचित्र ते हेच. पत्र्यावर प्रकाश इतका दीर्घ काळ पडू द्यावा लागला की तेवढ्यात सूर्य आकाश ओलांडून गेला आणि इमारतींच्या दोन्ही बाजू उजळलेल्या दिसल्या. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३५च्या ऑगस्टमध्ये लेकॉक येथील आपल्या घराची जाळीदार खिडकी कागदावर टिपली. ती सर्वांत जुनी उपलब्ध निगेटिव्ह होय. ते घर मध्ययुगात संन्यासिनींचा मठ होते. ज्या वास्तूत कधीकाळी सायंप्रार्थनेचे सूर घुमले, तेथेच सावली कागदावर स्थिर करण्याची विद्या मनुष्याला गवसली, ही गोष्ट आम्हांला नेहमीच हृद्य वाटत आली आहे.

आता त्या खिडकीविषयी. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आधी आम्ही उल्हासनगरातील एका जुन्या चार मजली इमारतीत एका आजारी वृद्धास भेटावयास गेलो होतो. निघताना जिन्याच्या वळणावर थबकलो. पश्चिमेच्या खिडकीतून आलेला कवडसा भिंतीवर पडला होता. गजांच्या सावल्यांचा क्रूस झाला होता आणि त्यालगत, चौकट व भिंत यांच्यामधून निसटलेली प्रकाशाची एक बारीक, वाकडी रेघ वरपर्यंत गेली होती. आम्ही ते दृश्य टिपले. धर्मग्रामाच्या सभागृहात भरलेल्या छोट्या प्रदर्शनात ते लावले गेले आणि लोकांनी त्याचे कौतुक केले. त्याच इमारतीत राहणाऱ्या एक भगिनी चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “भाऊ, उजेड छान आलाय. पण ती रेघ दिसते ना, ती भेग आहे. पावसाळ्यात पाणी तिथूनच येतं.”

आम्ही निरुत्तर झालो. त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. दुसऱ्याच्या पडझडीत सौंदर्य शोधण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

याचे एक सोपे उत्तर असे की सौंदर्य हे सौंदर्यच. कलावंताने बाकीच्या गोष्टींत पडू नये. दुसरे तितकेच सोपे उत्तर असे की असली चित्रे काढणे म्हणजे दीनांच्या दुःखाचा बाजार मांडणे. कॅमेरा पेटीत बंद करावा हे उत्तम. आम्ही दोन्ही उत्तरे प्रामाणिकपणे तपासून पाहिली.

पहिल्या उत्तराचा फोलपणा कळण्यास या शहरात राहणे पुरेसे आहे. २८ मे २०२१च्या रात्री उल्हासनगरात एका पाच मजली इमारतीचा स्लॅब कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. त्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी, १५ मे रोजी, अशाच दुसऱ्या दुर्घटनेत पाच जण दगावले होते. भिंतीत पाणी मुरते, आतील लोखंडी सळ्या गंजतात, गंजताना फुगतात आणि भोवतालचे काँक्रीट फोडून टाकतात. भेग ही त्या आतल्या झिजेची खूण असते. तिला नुसती सुंदर रेघ मानणे म्हणजे आजाऱ्याच्या गालावरची तापाची लाली पाहून त्याच्या कांतीची स्तुती करण्यासारखे आहे.

दुसरे उत्तर अधिक धार्मिक भासते, परंतु तेही टिकत नाही. न्यूयॉर्कमधील पत्रकार जेकब रीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील गरिबांच्या चाळींची छायाचित्रे काढली आणि १८९० साली ती पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवली. त्या चाळींतील अनेक खोल्यांना खिडकीच नव्हती. पुढे १९०१ साली तेथे जो कायदा झाला त्याने प्रत्येक खोलीला बाहेरच्या बाजूस उघडणारी खिडकी सक्तीची केली. त्यामागच्या लोकजागृतीत त्या चित्रांचा मोठा वाटा होता. रीस यांनी अंधाऱ्या खोल्यांत अवचित शिरून, झोपलेल्यांच्या डोळ्यांवर भगभगीत उजेड पाडून चित्रे घेतली, हा आक्षेपही खरा आहे. तरी त्यांनी कॅमेरा बंद ठेवला असता तर तो अंधार कोणी पाहिलाच नसता.

मग आमचे चुकले कोठे? गवंडी भिंत समतल झाली की नाही हे पाहण्यासाठी दिवा भिंतीलगत तिरपा धरतो, कारण समोरच्या प्रकाशात न दिसणारा उंचसखलपणा तिरप्या प्रकाशात उघडा पडतो. मावळतीचा सूर्यही तेच करीत असतो. ज्या किरणांनी भिंतीला सोनेरी केले, त्यांनीच भेगही दाखविली होती. प्रकाशाने काहीच लपविले नव्हते. आमचीच नजर अर्ध्या वाटेवर थांबली.

रोममधील एका देवळात काराव्हाज्जो या चित्रकाराचे ‘संत मत्तयाला पाचारण’ हे १५९९-१६०० मधील चित्र आहे. चित्रात खिडकी आहे, पण उजेड तिच्यातून येत नाही. प्रभू येशू ज्या बाजूने खोलीत आला, त्याच बाजूने तो भिंतीवर उतरतो. पैसे मोजणारे काही जण मान वर करीत नाहीत. मत्तयाला मात्र त्या उजेडात उठावे लागते. प्रेषितांच्या कृत्यांतही एक खिडकी आहे. त्रोवस येथे रात्री माडीवर संत पौलाचे प्रवचन लांबले, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने बोलणे थांबविले, तो खाली उतरला आणि त्याने त्या तरुणाला कवटाळले. त्यानंतर वर जाऊन त्याने भाकर मोडली व पहाटेपर्यंत संभाषण चालू ठेवले. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला या प्रसंगात दिसले. प्रवचन त्याज्य नव्हते, परंतु आधी जिना उतरणे आवश्यक होते.

आम्ही त्या भगिनींच्या घरी पुन्हा गेलो. इमारतीची तपासणी करून घ्यावी असे सुचविले, तेव्हा त्या घाबरल्या. “धोकादायक म्हणून शिक्का बसला तर जायचं कुठे?” त्यांची भीती अवास्तव नव्हती. भेग झाकली तर जिवाला धोका, दाखविली तर छप्पर जाणार. हा पेच कॅमेऱ्याने सुटणारा नव्हता. सत्य सांगणाऱ्याने त्याच्या ओझ्याचा काही भाग आपल्या खांद्यावर घ्यावयास हवा, एवढेच आम्हांला उमगले. रहिवाशांनी एकत्र बसून तपासणीचा निर्णय स्वतः घेतला. इमारत रिकामी करण्याची वेळ आली, तेव्हा धर्मग्रामातील काही कुटुंबांनी भाड्याच्या अनामतीसाठी वर्गणी काढली, काहींनी सामान आपल्या घरी ठेवून घेतले. सर्वांची नीट सोय लागली असे म्हणता येणार नाही. दोन कुटुंबे गावी परतली.

त्या भगिनी आता बदलापूरला भाड्याच्या खोलीत राहतात. जाण्यापूर्वी त्यांनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे त्या छायाचित्राची प्रत. आम्ही संकोचलो. त्या म्हणाल्या, “भेग असली तरी घर आमचंच होतं. रोज संध्याकाळी तो उजेड आम्ही पाहिलाय.”

म्हणजे सौंदर्य खोटे नव्हते, आणि त्यावर आमच्याआधी त्यांचा हक्क होता. जेरुसलेमच्या रस्त्यांवर लोक आजाऱ्यांना बाजेवर आणून ठेवीत, ते संत पेत्र जाताना निदान त्याची सावली तरी त्यांच्यावर पडावी म्हणून. सावली पडावयाची तर माणसाला तितके जवळून जावे लागते. छायाचित्र हा शब्द आपल्या लोकांनी का जवळ केला असावा, याचे कोडे आम्हांला आता पूर्वीइतके पडत नाही.