उचल

आमच्या शेजारच्या गावात एक फिटरदादा होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली. १९७१ सालची, पेट्रोलवरची, उंच बॉनेटची. ती पहिल्यासारखी करायची म्हणून सगळी उघडली आणि नऊ वर्षं त्यातच राहिले. मागच्या श्रावणात दादा गेले, जीप तशीच राहिली. चासी ओंडक्यांवर, इंजिन कोपऱ्यात पोत्याखाली, नटबोल्ट बिस्किटांच्या डब्यांत. प्रत्येक डब्यावर खडूनं लिहिलेलं, कुठला बोल्ट कुठला.

दिवाळी झाल्यावर वहिनींचा निरोप आला. "चाळीस हजाराला तुम्हाला देते. तुम्ही पुरी कराल."

मी काही मेस्त्री नाही. पण पाण्याचं डिझेल इंजिन, ट्रॅक्टर, घरचं घरी उघडत आलो. आणि त्या जीपचा मला लहानपणापासून सोस. अमेरिकेत विलीज कंपनीनं ती १९५३ साली काढली. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट उंच केलं, त्यामुळे ती लांबून ओळखू येते. तिकडं १९६८ ला बंद झाली, आपल्याकडं महिंद्राची पुढंही बनत राहिली. आमच्या भागात बहुतेकांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. हिचं मूळचंच होतं. म्हणून तर जीव अडकला.

दोन दिवस शेडमध्ये बसून पाहिलं. आधी चासीचा आणि इंजिनाचा नंबर पुस्तकाशी ताडला, जुळला. मग पत्रा पाहिला. रंग मारलेला होता, पण टाचेनं दाबलं तर खालचा पत्रा पापडासारखा वाजला. बोअर करायचं, पिस्टन-रिंगा, ब्रेक, सगळं वायरिंग, टायर. माझ्या कागदावरचा आकडा दीड लाखाच्या पुढं गेला, त्यात रंग धरलाच नव्हता.

तेव्हा एक कळलं. बंद पडलेली गाडी आणि उघडलेली गाडी वेगळी. बंद पडलेली काय बिघडलंय ते सांगते. उघडलेलीतलं काय हरवलंय, ते जोडायला बसल्याशिवाय कळत नाही. आणि दादांनी कुठला भाग का बाजूला ठेवला, हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नव्हतं.

एक जण म्हणाला, व्हिंटेजमध्ये नोंदवा. तो नियम २०२१ साली आलाय. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपात असली तर तिची वेगळी नोंद होते. नोंद दहा वर्षांसाठी. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला, एवढंच. म्हणजे पुरी झाली तरी तिच्यातून बाजारला जाता येणार नव्हतं. मग पुरी करायची ती कशासाठी?

इथं मला वडिलांची विहीर आठवते. चाळीस फुटांवर ओल नव्हती. जाणते म्हणाले, सोडा. वडील म्हणाले, इतका पैसा मातीत गेलाय, सोडू कसा? म्हणून पन्नास, मग साठ. दोन बैल विकले. पाणी लागलं नाही ते नाहीच. झालेला खर्च वडिलांना खाली खाली ओढत राहिला. दादांची नऊ वर्षं मला तशीच ओढत होती, आणि ती तर माझी नव्हतीही.

तरी चाळीस हजार हा आकडा सुटेना. कारण तालुक्याच्या गावचा सुट्या भागांचा व्यापारी मला भेटून म्हणाला होता, "मी पासष्ट देतो. खोलून विकीन." आमची ही म्हणाली, "मग घ्या की स्वस्तात. पुरी नाही झाली तर त्या काय बघायला येणार आहेत?"

हिचं व्यवहाराला धरून होतं. वस्तू घेतली, पैसे दिले, विषय मिटला. पण मला वाटलं, वहिनींना पासष्टचा भाव माहीत नसेल, तर तो सांगितल्याशिवाय घेणं ही लबाडी. म्हणून गेलो आणि सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "माहीत आहे. तो इथंही येऊन गेला."

मी गप्प झालो. म्हणजे त्या जाणूनबुजून पंचवीस हजार सोडत होत्या. मला वाटत होतं मी जीप स्वस्तात घेतोय. खरं तर त्या मला पंचवीस हजार देत होत्या, पुरी करण्याबद्दल. ही उचल होती. ऊसतोडीला जाणारा माणूस मुकादमाकडून उचल घेतो, त्याच दिवशी त्याचा कोयता बांधला जातो. फडात जाऊन अंग चालेना झालं, तरी उचल अंगावर राहतेच. मी चौसष्ट वर्षांचा, उजवा गुडघा गेलेला. मुकादम निदान वसुलीला येतो, बोलून मोकळा होतो. वहिनी कधीच काही बोलल्या नसत्या. न बोलणाऱ्याची उचल तर जास्तच जड.

स्वस्त वस्तू घेण्यात पाप नाही. पण ती स्वस्त का आहे, हे समजल्यावर ते कारणही आपण विकत घेतो. ते पेलणार नसेल तर पूर्ण भाव द्यावा, नाहीतर परत फिरावं.

म्हणालो, "चाळीसला घेणार नाही. पासष्टला घेतो, हरभऱ्याचे पैसे आलेत. पण पुरी होईल असं बोलणार नाही. यंदाच्या पावसाळ्यात फक्त इंजिन धरीन. सत्तर हजारांच्या पुढं एक रुपया घालणार नाही. तिथं थांबेन आणि तुम्हाला येऊन सांगेन."

वहिनींनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "ह्यांनासुद्धा पुरी होईल असं शेवटी वाटत नव्हतं. पण एकदा तिचा आवाज ऐकायचा होता. इंजिन चालू कराल ना?"

गुडघ्याकडं पाहिलं. इंजिन उघडायचं ते बाकावर ठेवून, उभ्या उभ्या. तेवढं जमण्यासारखं होतं. "तेवढं करीन," म्हणालो.

"मग साठ द्या," त्या म्हणाल्या.

पाच हजारांची उचल घेऊन घरी आलो. ब्लॉक लेथवाल्याकडं बोअरला दिलाय. डब्यांवरचा खडू पुसला जाऊ नये म्हणून ते घरात, देवळीत आणून ठेवलेत.