वॉलपेपरवर छापलेला अंक

यादवी युद्धातलं जुनं वर्तमानपत्र चाळताना नजर आधी मथळ्यांवर जाते. कोण जिंकलं, किती पडले. घरात चूल कशी पेटत होती, हे मात्र कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत शोधावं लागतं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्गला १८६३ मध्ये ४७ दिवस वेढा पडला होता. तोफांच्या भीतीने लोक टेकड्यांत गुहा खणून राहत होते. तिथल्या ‘डेली सिटिझन’चा कागद संपला, तेव्हा २ जुलैचा अंक वॉलपेपरच्या पाठीवर छापला गेला. पान उलटलं की एखाद्या दिवाणखान्याची नक्षी समोर येते. तेवढ्याशा जागेत संपादकाने पिठाचे भाव चढवणाऱ्या नफेखोरांना खडे बोल सुनावलेत, आणि वेळच आली तर खेचराचं मांसही खाण्यासारखं असतं, असा वाचकांना धीर दिलाय. दोन दिवसांनी शहर पडलं.

त्या युद्धाची झळ नगरलाही लागली, कापसातून. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या, मुंबईत भाव भडकले. नगरला रेल्वे यायला १८७८ साल उजाडलं; तेजी त्याआधीच खेड्यांत पोचली होती. पीक सोन्याच्या मोलाचं झालं, तसा सावकारानेही हात सैल सोडला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज तेवढं मानेवर राहिलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात ठिणगी पडली. मग पारनेर, श्रीगोंदा, कर्जत भागातही लोकांनी सावकारांच्या दारात जाऊन कर्जखतं मागितली आणि जाळली.

नगरला छापखाना नवा नव्हता. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथूनच १८४२ मध्ये निघालं, तेही अमेरिकन मिशनऱ्यांच्या हातून. पण ज्या कुणब्याची सहीच नांगराची निशाणी होती, त्याने आपलं गाऱ्हाणं छापून कुठून आणायचं? त्याच्या घरचा हिशेब खतावर होता, आणि खत तर जळून गेलं.

तिकडे, ज्यांच्या गुलामीवरून ते युद्ध पेटलं, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनाही लिहिता येत नव्हतं. तरी १८७७ पासून न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चपत्रात त्यांच्या जाहिराती येऊ लागल्या. आई विकली गेली, भाऊ दुसऱ्या मालकाकडे गेला. नाव अमुक, शेवटचं पाहिलं तमुक गावी. वर्गणीदार नसलेल्यांना जाहिरातीला ५० सेंट पडत. पाद्र्यांनी हा रकाना प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवावा, अशी वर विनंती असे. बाकांवर बसलेल्यांत कुणाला आपल्याच आईचं नाव ऐकू यावं, म्हणून.