तळें निवडतांना

नीतिशास्त्रावरील ग्रंथांत उदाहरणें बहुधा मोठीं असतात. बुडत्या नौकेंत जागा एक आणि माणसें दोन; सत्य बोलावें तर मित्राचा प्राण जातो; वचन पाळावें तर पुत्र विकावा लागतो. अशा प्रसंगीं मनुष्याचें कर्तव्य काय याचा ऊहापोह थोर थोर पंडितांनीं केला आहे, आणि तो करावा हें योग्यच आहे. परंतु आपणांपैकीं फार थोड्यांच्या वांट्यास तसली नौका येते. बहुतेकांचें आयुष्य सुटी कोठें घालवावी, पैसे कोणत्या बाबींत वांचवावे आणि या खेपेस कोणाच्या मनासारखें व्हावें, असल्या प्रश्नांतच सरतें. हे प्रश्न क्षुल्लक म्हणून शास्त्राबाहेर ठेवण्याची चाल पडली आहे खरी. पण ज्या गृहस्थाची न्यायबुद्धि नौका बुडूं लागल्यावरच जागी व्हावयाची, त्याच्या शेजारीं नौकेंत बसण्यास मी तरी तयार होणार नाहीं.

म्हणून एक लहानसा प्रश्न घेऊं. डोंबिवलीस राहणारें, मध्यम स्थितींतलें एक दांपत्य आहे. नवऱ्याला गळ टाकून मासे धरण्याचा नाद आहे, बायकोला नाहीं. दसरा आणि दिवाळी यांच्या मधले चार दिवस दोघांनाहि मोकळे मिळाले आहेत. खर्चासाठीं बाजूस काढलेली रक्कम ठरलेली आहे व ती वाढण्याजोगी नाहीं. जावयाचें तें दोघांनीं बरोबर, आणि जावयाचें तें पाण्याच्या कांठीं, येथपर्यंत उभयतांचें एकमत आहे. प्रश्न एवढाच, कीं तळें कोणतें?

ल्यूस आणि रायफा या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जवळजवळ हाच प्रश्न घातला आहे. तेथें नवऱ्याला मुष्टियुद्ध पाहावयाचें आहे, बायकोला नृत्यनाट्य. मात्र एकट्यानें आपल्या आवडीचें पाहण्यापेक्षां दोघांनीं मिळून दुसऱ्याच्या आवडीचें पाहिलेलें बरें, असें दोघांनाहि वाटतें. गणित पुढें असें दाखवितें, कीं दोन्ही ठिकाणें सारखींच स्थिर आहेत. एकदां कोणतेंहि एक ठरलें म्हणजे तेथून एकट्यानें हलण्यांत कोणाचाच लाभ नाहीं. पण त्या दोहोंतलें कोणतें ठरावें हें गणित सांगत नाहीं. तें सांगण्याचें काम आमच्याकडे, म्हणजे नीतीकडे, येतें.

नवऱ्याच्या मनांत पवई आहे. मुंबईला पाणी पुरविण्यासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा तलाव. त्याचें पाणी लवकरच पिण्यास निरुपयोगी ठरलें, आणि आज त्यांत जलपर्णी आहे, मगरी आहेत, कांठावर उंच इमारती आहेत. तथापि त्यांत रोहू व कटला आहेत, आणि गळ टाकणाऱ्याला इमारतींशीं काय करावयाचें आहे? बायकोच्या मनांत भंडारदरा आहे. प्रवरेवरचें हें धरण १९२६ सालीं पुरें झालें. वरच्या अंगाला रतनगड, एका बाजूस कळसूबाईचें शिखर, आणि फुगवट्याच्या टोंकाला रतनवाडीचें अमृतेश्वराचें प्राचीन देऊळ. आश्विनांत तें पाणी कांठोकांठ भरलेलें असतें व गढूळपणा खालीं बसलेला असतो. अगस्तीचा तारा उगवला म्हणजे पाणी निवळतें असा जो जुना समज आहे, त्याचा उल्लेख कालिदासानें रघुवंशांतील शरदाच्या वर्णनांत केला आहे; आणि प्रवरेच्या खालच्या अंगाला अकोल्यास अगस्तीचाच आश्रम दाखवितात, हा योगायोग मला फार गोड वाटतो. मासे धरणाऱ्याला मात्र हें तुडुंब पाणी तितकेंसें सोयीचें नसतें. पाणी जितकें पसरेल तितका मासा विखुरतो.

नवरा कागद घेऊन बसतो. पवईचा हिशेब सोपा आहे: लोकलचें जाणें-येणें, तेथील हौशी मंडळींच्या संस्थेचा परवाना, आमिषाला कणीक. उताऱ्याचा खर्च नाहीं, कारण रात्रीं घरीं. जेवणाचा खर्च नाहीं, कारण डबा घरचा. उलट भंडारदऱ्यास जावयाचें म्हणजे कसारा घाट चढून इगतपुरीस उतरावें, तेथून घोटीवरून शेंडीपर्यंत एस.टी.नें जावें, शेंडीस कोणाच्या तरी घरीं तीन रात्री राहावें, दोन्ही वेळचें पिठलें-भाकरी विकत घ्यावी. आणि इतकें करून मासा लागेलच असें नाहीं. बेरीज होते. पवई जिंकते. नवरा म्हणतो, "माझें कांहींच म्हणणें नाहीं, आंकडेच सांगताहेत."

या वाक्यापाशीं मला थोडें थांबावेंसें वाटतें. आंकडे स्वतः होऊन कांहीं सांगत नाहींत. कोणत्या गोष्टीचा आंकडा मांडावयाचा हें कोणी तरी आधीं ठरविलेलें असतें. "जेवणाचा खर्च नाहीं" असें ज्या ओळींत लिहिलें आहे, त्या ओळींत एक माणूस उभें आहे. तें पहांटे पांचाला उठून डबा करतें, दुपारीं तळ्याच्या कांठीं तो उघडतें, आणि संध्याकाळीं परत आल्यावर पुन्हां शेगडीपाशीं उभें राहतें. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १९२० सालच्या आपल्या ग्रंथांत एक मार्मिक विसंगति दाखविली होती: एखाद्या गृहस्थानें आपल्या पगारी स्वयंपाकिणीशीं लग्न केलें, तर राष्ट्राचें उत्पन्न तेवढ्यानें घटतें. काम तेंच, भात तोच. केवळ वेतन थांबल्यामुळें तें काम हिशेबांतून नाहींसें झालें. पवईची स्वस्ताई बरीचशी या जातीची आहे. पवई स्वस्त आहे, कारण तिची किंमत देणाऱ्या व्यक्तीनें ती रोख दिलेली नाहीं.

काटकसर हा सद्गुण आहे, याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. चार दिवसांच्या सुखासाठीं कर्ज काढणाऱ्यांचें मला कौतुक वाटत नाहीं. इतकेंच नव्हे, तर रक्कम मर्यादित असल्यामुळेंच हा प्रश्न नीतीचा झाला आहे. धनिकाला दोन्ही तळीं पाहतां येतात, म्हणून त्याला निवडीचें दुःख नाहीं आणि न्यायाची गरजहि भासत नाहीं. परंतु काटकसरीचा एक उपयोग असा आहे, कीं तिच्या आड आपली इच्छा सुरक्षित उभी राहूं शकते. "मला पवई आवडते" असें म्हणणाराला "मला नाहीं आवडत" असें उत्तर देतां येतें. "पवई परवडते" असें म्हणणाराला उत्तर कोण देणार? त्यानें आपली आवड वादांतून काढून घेतली आणि तिच्या जागीं दारिद्र्याला बोलावयास लावलें. दारिद्र्याशीं भांडणारी बायको उधळी ठरते, आणि उधळी ठरण्यापेक्षां गप्प बसणें बरें असें कोणत्याहि स्वाभिमानी स्त्रीला वाटावयाचें.

मग ती म्हणते, "तुम्ही म्हणाल तसें."

मराठी संसारांतलें हें फार जुनें वाक्य आहे, आणि त्याचे अर्थ इतके आहेत कीं एका वाक्यांत ते राहतात कसे याचें नवल वाटावें. कधीं त्याचा अर्थ खरोखरीच असा असतो, कीं मला दोन्ही सारखें आहे. कधीं असा, कीं मला सारखें नाहीं, पण तुमच्या आनंदांत मला माझा आनंद दिसतो. हा अर्थ दुर्मिळ, आणि जेथें तो असेल तेथें आपण टीकाकारांनीं दूर व्हावें. पुष्कळदां अर्थ असा असतो, कीं मी थकलें आहें. आणि कधीं असा, कीं हें मी वहींत टिपून ठेवलें आहे. या शेवटच्या प्रकारच्या त्यागाला आम्ही त्याग म्हणतों तें चुकीचें होय. तें कर्ज आहे. फक्त ऋणकोला तें घेतल्याचें ठाऊक नसतें, आणि व्याज कधीं व कोणत्या रूपानें मागितलें जाईल हेंहि ठाऊक नसतें. आठ वर्षांनीं, भलत्याच एका गोष्टीवरून वाद चालला असतां, पवईचा तलाव एकाएकीं स्वयंपाकघरांत येतो, तो असा.

नवऱ्याच्या बाजूनेंहि न्याय केला पाहिजे. "तूं म्हणशील तसें" म्हणणारा पुरुष तितकाच मोठा घोटाळा करूं शकतो. जेरी हार्वे या अमेरिकन लेखकानें १९७४ सालीं आपल्याच घरची एक गोष्ट छापली, ती आतां जगप्रसिद्ध आहे. टेक्सस प्रांतांतलें कोलमन नांवाचें गांव, जुलैची भाजून काढणारी दुपार, धूळ उडते आहे. तरी पंखा चालू, ओसरीवर सोंगट्यांचा खेळ मांडलेला, सारें बरें चाललें होतें. इतक्यांत सासरा म्हणाला, आपण ॲबिलीनला जेवावयास जाऊं. ॲबिलीन त्रेपन्न मैल. बायको म्हणाली, छान कल्पना. जांवई म्हणाला, माझी हरकत नाहीं, सासूबाईंना यावयाचें असेल तर. सासूबाई म्हणाल्या, अर्थात. चौघें त्या उन्हांत, न थंडावणाऱ्या मोटारींतून गेलीं, वाईट जेवलीं, आणि चार तासांनीं दमून परत आल्यावर कळलें कीं चौघांपैकीं कोणालाच जावयाचें नव्हतें. सासऱ्यानेंहि केवळ इतरांना कंटाळा आला असावा म्हणून विचारलें होतें. चार माणसांनीं एकमेकांवर प्रेमच केलें, आणि त्या प्रेमाची बेरीज एकशें सहा मैल धूळ झाली.

या गोष्टींतला दोष स्वार्थाचा नाहीं हें लक्षांत घ्यावें. स्वार्थी माणसांच्या हातून हें घडलेंच नसतें. दोष असा, कीं जोडीदाराला निवडीसाठीं जी सामग्री हवी ती, म्हणजे आपली खरी इच्छा, प्रत्येकानें सौजन्यापोटीं दडवून ठेवली. इच्छा सांगणें आणि इच्छेचा हट्ट धरणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या संस्कारांनीं, विशेषतः स्त्रियांना दिलेल्या संस्कारांनीं, त्या एक करून टाकल्या आहेत. "मला भंडारदऱ्याचें पाणी पाहावयाचें आहे, आणि तीन दिवस माझ्या शेगडीपासून दूर राहावयाचें आहे" एवढें वाक्य सांगण्यांत हट्ट कोठें आला? तें ऐकल्यावाचून नवऱ्यानें दिलेला निकाल एकतर्फी आहे. मग तो पवईचा असो, वा उदार होऊन दिलेला भंडारदऱ्याचा असो.

माझा स्वतःचा कौल कोठें पडतो असें कोणी विचारील, तर मी भंडारदऱ्याच्या बाजूनें आहें, आणि त्याचें कारण बायकोची इच्छा नवऱ्याच्या इच्छेहून श्रेष्ठ असते हें नव्हे. कारण असें, कीं शेंडीस गेल्यावर नवऱ्याला गळ टाकतां येतो, पण पवईस गेल्यावर बायकोला विसांवा मिळत नाहीं. एका ठिकाणीं दोघांच्या इच्छेला थोडीथोडी जागा आहे, दुसऱ्या ठिकाणीं एकालाच सगळी. मासा कमी लागेल, हें खरें. पण गळवाल्यांचा आद्य ग्रंथकार वॉल्टन यानें १६५३ सालच्या आपल्या पुस्तकास चिंतनशील मनुष्याची करमणूक असें उपनाम दिलें आहे, आणि तेव्हांपासून या पंथाचे लोक आपला आनंद माशावर अवलंबून नाहीं असेंच सांगत आले आहेत. त्यांना एकदां त्यांच्या शब्दांत धरावें.

माशाला या निवडींत कोणी विचारीत नाहीं, हें मी विसरलों नाहीं. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें मानसोल्लासांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदाला जागा दिली आहे; कोणत्या माशाला कोणतें आमिष, याचाहि त्यांत विचार आहे. उलट महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहांतले मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरीत नाहीं. तोच महासीर एका पाण्यांत देवाचा, दुसऱ्यांत दैवाचा. धरलेला मासा खाणाराला मी दोष देणार नाहीं. केवळ झगडा पाहण्यासाठीं त्याला गळाला लावून पुन्हां सोडणाराची दया मात्र मला नीट कळत नाहीं.

आणि माशावर ज्यांचें पोट आहे त्यांनाहि विचारलें पाहिजे. आपल्याकडील पुष्कळ जलाशयांतील मासेमारीचा हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेला असतो. मासळीचें बीं त्या पाण्यांत त्यांनीं आपल्या पैशानें सोडलेलें असतें. हौशी माणूस तेथें गळ टाकतो तेव्हां तो रानांतलें फूल तोडीत नसतो, दुसऱ्याच्या वाफ्यांतलें तोडीत असतो. संस्थेच्या माणसाला शोधून विचारावें व सांगेल तें शुल्क द्यावें. आणि काटकसरीच्या कागदावर ही ओळ पहिल्यानें लिहावी. तळ्यांचाहि आपला इतिहास असतो. मुळशीचें निळें पाणी पाहतांना, तेथील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं आपल्या जमिनींसाठीं सत्याग्रह केला होता, सेनापति बापट त्यांच्या पुढें होते, आणि तरीहि तें खोरें बुडालें, हें ज्याला ठाऊक आहे त्याच्यानें "काय स्वस्त जागा आहे" असें सहज म्हणवणार नाहीं.

चार दिवसांच्या सुटीचा इतका काथ्याकूट केला तर सुटींत राहिलें काय, असा आक्षेप येईल. संसार प्रेमावर चालतो, तराजूवर नव्हे, असेंहि कोणी म्हणेल. हा आक्षेप मीं पुष्कळदां ऐकला आहे, आणि बहुतेक वेळां तो अशांच्या तोंडून ऐकला आहे, कीं ज्यांचें पारडें आधींच जड होतें. शिवाय येथें मागितलें आहे तें फारसें नाहीं: कागद मांडावयाचा तर दोघांनीं मांडावा, पहांटेच्या डब्याचीहि एक ओळ त्यांत असावी, आणि ज्याच्या हातांत गळाची काठी नाहीं त्यानें आधीं बोलावें. एवढ्याला अर्धा तास लागतो. कसाऱ्याची गाडी त्यानंतरहि मिळते.