वानवळा

काल दुपारी पावसाची एक जोरदार सर येऊन गेली आणि तिच्या मागोमाग पोस्टमनकाका फाटकात उभे राहिले. रेनकोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक कार्ड काढले. माझ्या हातात देण्याआधी स्वतः एकदा नीट पाहून घेतले. म्हणाले, "बाई, ही माणसं पाण्यावरनं कशी चालत्यात ओ?"

चित्रात पांढरेशुभ्र तळे होते आणि त्याच्या मधोमध लाल टोपी घातलेले एक मूल वडिलांचा हात धरून चालले होते. फिनलंडचे कार्ड. मागच्या पाच-सहा इंग्रजी ओळी मी तिथेच, पागोळ्यांखाली उभी राहून, काकांना मराठीत वाचून दाखवल्या. लिहिणारी बाई शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. तिच्या घरामागचे तळे हिवाळ्यात इतके घट्ट गोठते, की माणसे त्यावरून चालत पलीकडे जातात. उन्हाळ्यात त्याच जागी ती पोहते. शेवटी तिने विचारले होते, तुमच्या घरापासून पाणी किती लांब आहे?

काका सायकलीवर टांग टाकता टाकता म्हणाले, "लिवा की, आमचं तळं गोठत न्हाई, पर भरलं की सांडव्यावरनं रातभर वाजतंय म्हणून."

हेच तर मला तिला लिहिता येणार नाही. म्हणजे बंदी कोणाची नाही, पण या देवघेवीची रीतच वेगळी आहे. पाउलो मागाल्याइन्श नावाच्या एका पोर्तुगीज विद्यार्थ्याने १४ जुलै २००५ रोजी ती सुरू केली. त्याला टपालाने कार्ड आलेले आवडे आणि ते पाठवणारे कोणी फारसे नव्हते. 'पोस्टक्रॉसिंग' हे तिचे नाव. सुरुवातीला तिचा सगळा कारभार त्याच्या खोलीतल्या कपड्यांच्या कपाटात ठेवलेल्या एका जुन्या संगणकावर चाले. आज तिच्यातून पोहोचलेल्या कार्डांची संख्या कोट्यवधींत आहे. रीत अशी. तुम्ही पत्ता मागायचा. जगातल्या कोणा एका अनोळखी माणसाचा पत्ता आणि एक क्रमांक तुम्हाला मिळतो. त्या माणसाला कार्ड पाठवायचे. ते पोहोचले, त्याने क्रमांक नोंदवला, की तुमचा पत्ता तिसऱ्याच कोणाला तरी दिला जातो आणि तुमच्या दारात कार्ड येते ते त्या तिसऱ्याकडून. ज्याला पाठवले त्याचे येत नाही, ज्याचे आले त्याला जात नाही. पोहोच मिळाल्याचे दोन शब्द संगणकावरून कळवायचे, एवढेच.

सुरुवातीला मला हे अवघड गेले. आमच्याकडे शेजारून वाटी आली तर ती रिकामी परत करत नाहीत. नव्या गुळाचा खडा, पहिल्या वेचणीच्या शेंगा, दारच्या झाडाचे चार पेरू, असा वानवळा यायचा आणि त्याच वाटीतून काहीतरी परत जायचे. काही नसले तर आई चिमूटभर साखर तरी घालायची. फिनलंडच्या बाईची वाटी रिकामी परत करणे माझ्या हाताला जमत नव्हते. पुढे ध्यानात आले, की वाटी रिकामी परत जातच नाही. तिच्याही दारी त्याच सुमाराला कुठून तरी काहीतरी आलेले असते. चिमूटभर साखर मी घालते, ती तैवानच्या वाटीत. आळी मोठी झाली आहे, इतकेच.

आमच्या जुन्या घरात माजघराच्या वाशाला एक तार लटकत असे, खाली आकड्यासारखी वळवलेली. आलेले प्रत्येक कार्ड वाचून झाले की तीत ओवायचे. कार्डाच्या पोटाला पडलेले ते भोक मला लहानपणी अजिबात आवडायचे नाही. तारेतली सगळी कार्डे आपल्या माणसांची. "सर्व वडील मंडळींस शि. सा. नमस्कार" इथून सुरू होऊन "इकडील सर्व खुशाल" यावरून "कळावे, लोभ असावा" इथपर्यंत येणारी. मजकूर बहुधा सारखाच. चार कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेले कार्ड आले की ते न वाचताच घरात हसू पसरे. कोपरा फाडलेले कार्ड उंबऱ्याबाहेर उभे राहून वाचायचे आणि तिथेच फाडून टाकायचे. ते तारेपर्यंत कधी पोहोचले नाही. दोन इंचांच्या कोपऱ्यात जन्ममरण सांगायची ही भाषा कोणी कोणाला शिकवली नव्हती, तरी प्रत्येक घराला येत होती.

आईने आयुष्यात एकाच अनोळखी पत्त्यावर कार्ड लिहिले. सांगलीच्या आकाशवाणीला, गाण्याच्या फर्माईशीसाठी. केंद्र १९६३ साली सुरू झालेले, आणि कोल्हापूरकडच्या घराघरांत ते आपलेच वाटे. आई कार्ड टाकून आली, पण कोणाला काही बोलली नाही. मग एका दुपारी भाकरी थापता थापता रेडिओवर तिचे नाव आणि पुढे गावाचे नाव आले, आणि तिचे हात परातीत तसेच थांबले. गाणे कोणते लागले ते मला आठवत नाही. ज्याने आपल्याला कधी पाहिले नाही अशा माणसाच्या तोंडी आपले नाव आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते मात्र आठवते. परदेशातून कार्ड येते आणि त्यावर माझे नाव एखाद्या अपरिचित वळणाने लिहिलेले असते, तेव्हा माझाही हात असाच क्षणभर थांबतो.

पोस्टकार्ड मुळात आले ते काटकसरीतून. पाकीट, लांबलचक मायना, मोहोर, हा सगळा व्याप दोन ओळींच्या निरोपासाठी कशाला, असे ऑस्ट्रियातल्या एमानुएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १८६९ साली लिहिले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिले कार्ड निघाले. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ रोजी आले, किंमत पाव आणा. देशातल्या देशात पाठवायचे साधे कार्ड पन्नास पैशांवर वर्षानुवर्षे थांबलेले आहे. ते एक कार्ड पोहोचवायला बारा रुपयांच्या वर खर्च येतो, असे टपाल खात्याच्याच अहवालात काही वर्षांपूर्वी आले होते. इतक्या तोट्यात जाऊनही ज्याने कार्ड बंद केले नाही, त्या खात्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती बर्नची हकिगत. १८७४ च्या आधी परदेशी पत्राचा हिशेब म्हणजे जंजाळ होते. प्रत्येक दोन देशांचा वेगळा करार, वाटेतल्या प्रत्येक मुलखाचा वेगळा वाटा. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांनी सही केली आणि टपालापुरता आपल्या सगळ्यांचा मुलूख एकच, असे ठरवले. हिंदुस्थान त्यात १८७६ साली गेला. त्या करारात एक कलम होते. ज्या देशाने तिकीट विकले, त्याने त्याचे पैसे ठेवून घ्यावेत, आणि पत्र घरोघर वाटणाऱ्या देशाने त्या वाटपाचे पैसे मागू नयेत. कारण काय, तर प्रत्येक पत्राला उत्तर जातेच, तेव्हा फिट्टंफाट होईल. मोठमोठ्या राज्यांचे मुत्सद्दी एका टेबलाभोवती बसले आणि माणसे उलट टपाली उत्तर लिहितात यावर त्यांनी भरवसा टाकला! पुढे काही देशांत येणारे टपाल जाणाऱ्यापेक्षा फार वाढले, आणि १९६९ मध्ये वाटपाचे पैसे आकारायचे ठरले. तरी जवळजवळ शंभर वर्षे जगाचे टपाल माझ्या आईच्या वाटीच्या हिशेबाने चालले होते.

माझे पहिले कार्ड जर्मनीला जायचे होते. तिकिटे लागली पंधरा रुपयांची. बर्लिनला काय, ब्राझीलला काय, दर एकच. आणि मग पेन हातात घेऊन मी बसले ती बसलेच. कळंबा म्हणजे काय, हे तळहाताएवढ्या जागेत कसे सांगायचे? कागदोपत्री गाव 'कळंबे तर्फ ठाणे', तालुका करवीर. कोल्हापुरात कळंबा म्हटले की आधी जेल डोळ्यांपुढे येते. पहिली दोन-तीन कार्डे मी जेल गाळूनच लिहिली. अंबाबाई, रंकाळा, चपला, गूळ. कार्ड टाकल्यावर ते मला खुपू लागले. हे शहराच्या जाहिरातीत असते तेच झाले, माझ्या घरातून दिसते ते त्यात कुठेच नव्हते. मग लिहू लागले, की आमच्या गावात एक मोठा तुरुंग आहे, त्याच्या उंच भिंतीशेजारून जाताना मी नकळत सावकाश चालते, आणि पत्राची वाट आमच्यापेक्षा जास्त पाहणारी माणसे त्या भिंतीच्या आत आहेत. त्यावर नेदरलँड्सहून पोहोच आली. ज्याला मी कार्ड पाठवले त्याने कळवले, की कार्ड त्याने दारावर लावले आहे, चित्राची बाजू आत आणि अक्षरांची बाजू बाहेर.

तळ्याचेही तसेच. रोज फिरायला जाते म्हणून ते मला ठाऊक आहे, असे मी धरून चालले होते. एका जपानी मुलीला लिहायचे म्हणून एकदा नीट पाहत उभी राहिले. कात्यायनीच्या डोंगरावरून उतरणारे ओढे कुठून आत शिरतात, संस्थानच्या काळातला बांध किती रुंद आहे, उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की तळाला किती रेघा उमटतात. कोल्हापूरने पिढ्यान् पिढ्या हे पाणी प्यायले आहे. त्या मुलीला मी फक्त रेघांबद्दल लिहिले. जागा तेवढीच होती.

जपानहून आलेले एक कार्ड मी जपून ठेवले आहे. पाठवणाऱ्याने माझा पत्ता देवनागरीत लिहिला होता. लिहिला म्हणजे चित्र काढावे तसा काढला होता. 'कळंबा'वरचा अनुस्वार 'ब'वर जाऊन बसला होता आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटली होती. एकही मराठी अक्षर न येणाऱ्या माणसाने माझ्या गावाचे नाव काढायला किती वेळ घालवला असेल! खाली ४१६ ने सुरू होणारा पिन कोड मात्र सुवाच्य. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो आपल्या पत्त्यांत आला. त्याची रचना केली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी.  नावाचे स्पेलिंग कोणी कसेही केले, तरी हे सहा आकडे कार्डाला हाताला धरून आणतात.

चित्राच्या कार्डांची मात्र इथे पंचाईत आहे. कोल्हापूरची छापील चित्रकार्डे सहजी मिळत नाहीत. मी फोटो स्टुडिओतून छायाचित्रे काढून आणते आणि जाड पुठ्ठ्यावर डकवते. पुठ्ठा कापताना दर वेळी मला महादेव विश्वनाथ धुरंधर आठवतात. १८ मार्च १८६७ रोजी ते याच कोल्हापुरात जन्मले, जगातले पहिले पोस्टकार्ड निघायच्या दोन वर्षे आधी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथेच नामवंत शिक्षक झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मुंबईतल्या माणसांची चित्रे पोस्टकार्डांसाठी काढली. रस्त्यावरची, घरकामाची, रोजच्या धांदलीतली माणसे. ती कार्डे आज देशोदेशीच्या संग्राहकांकडे आहेत. तैलरंगातल्या मोठमोठ्या चित्रांचा हा धनी कार्डाच्या तुकड्यावरही तितक्याच आस्थेने रेघ ओढत होता. आपल्या गावच्या माणसाने काढलेली कामवाली शंभर वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून कोणा परक्याच्या टेबलावर पोहोचली, या विचाराने माझा कात्रीचा हात सरळ चालतो.

सगळी कार्डे पोहोचतात असे नाही. साठ दिवस झाले तरी नोंद झाली नाही, की ते वाटेत राहिले असे धरायचे. २०२० मध्ये विमाने थांबली आणि परदेशी टपालही अडकले. माझे फेब्रुवारीत निघालेले कार्ड सप्टेंबरात पोहोचले. त्यात मी लिहिले होते, "आमच्याकडे आंब्याला मोहोर आला आहे." ज्याला मिळाले त्याने कळवले, की सात महिन्यांनी का होईना, बाहेरून आलेली पहिली चांगली बातमी ही.

आता नवा पत्ता आला आहे तो तैवानचा. काकांचा शब्द पाळायचा म्हणून तळ्याबद्दलच लिहिले. रात्री सांडवा वाहू लागला, पलंगावर पडल्या पडल्या आवाज येतो आहे, घरापासून पाणी दहा मिनिटांवर आहे. प्रश्न फिनलंडने विचारला आणि उत्तर तैवानला चालले आहे. तिथे ते वाचून कोणी आपल्या घरामागच्या ओढ्याबद्दल आणखी कोणाला लिहील, कुणी सांगावे.

कार्ड लिहून झाल्यावर देवघरातली कुयरी आणली आणि चारही कोपऱ्यांना बोट टेकवले. खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली, की डाग पडलेला नाही, आमच्याकडे आनंदाची बातमी असली की असे लावतात. पेटी चारला उघडतात. पाऊस थोडा उघडला की जाऊन टाकून येईन. हळद अजून ओली आहे.