ताबुताचे माप

पन्नाशीत मी ताबूत बांधायला शिकायला बसलो. आयुष्य भूमिती शिकवण्यात गेले. प्रतिकृती म्हणजे प्रमाण, आणि ते तर आपल्याला येतेच, असे वाटले. कर्बल्याच्या रौज्याचा फोटो मिळवला, घुमट-मिनारांचे गुणोत्तर वहीत मांडून उस्तादांपुढे ठेवले. ते म्हणाले, "सर, पहले गली नापो."

जालन्याच्या जुन्या भागातली आमची गल्ली अरुंद. वर विजेच्या तारा लोंबतात, वळणावर एक ओटा पुढे आलेला. ताबूत तिथून निघाला पाहिजे. म्हणजे रौज्याची उंची त्या तारा ठरवणार!

पहिले कितीतरी दिवस नुसत्या कामठ्या तासल्या. गाठीपाशी वाकवली की मोडते. खळ पातळ झाली तर पतंगी कागद फाटतो, घट्ट झाली तर गुठळ्या राहतात. लाल कागदाला ओल जास्त लागली आणि त्याचा रंग माझ्या पांढऱ्या मिनारावर उतरला. उस्तादांनी त्यावर निमूट बेगड चिकटवली.

भाचा अधूनमधून येऊन बसे. "मामू, हा इस्राफ आहे. एवढ्यात दोन मुलांची फी भरली असती." त्याचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. निर्जीव वस्तूंची चित्रे काढायला इब्न अब्बास यांनी एका चित्रकाराला मोकळीक दिल्याची हदीस आहे. पण त्याने बनवण्याची परवानगी मिळते, नवस बोलण्याची नाही. ताबुतापुढे हात जोडणाऱ्यांत हिंदू-मुसलमान दोघेही असतात. मी जोडत नाही.

मला छळत होता तो प्रश्न निराळा. गल्लीच्या मापाने कापलेली नक्कल खोटी नव्हे काय? पण अस्सल तरी कोणते? कर्बल्याचा प्रसंग इ. स. ६८० चा. ८५० च्या सुमारास खलिफा मुतवक्किलने तिथली कबर भुईसपाट केली. १८०२ च्या सुमारास वहाबींनी रौजा लुटला, १९९१ मध्ये त्यावर तोफा चालल्या. दर वेळी लोकांनी तो पुन्हा उभारला. इकडे आपल्या शेजारी बीबी का मकबरा. त्याला 'गरिबांचा ताज' म्हणून हिणवतात. संगमरवर थोडा, वर चुन्याचा गिलावा. त्याच्या दरवाजावर वास्तुकार म्हणून अताउल्लाहचे नाव आहे. ताज घडवणाऱ्या उस्ताद अहमद लाहौरींचा हा मुलगा. बापाचे काम त्याने निम्म्याहून कमी पैशात पुन्हा मांडले. त्याला मी खोटारडा म्हणणार नाही. त्याच्याही वाट्याला एक गल्ली आली होती.

इथवर मन शांत झाले होते. आशूराच्या दिवशी ताबूत ठंडा करायला न्यायचा, त्याच्या आदल्या रात्री मी मागच्या बाजूची एक जाळी हळूच सोडवून घेतली. माझ्या हातून कापलेली, एकमेव सरळ उतरलेली. कागद मोहल्ल्याच्या वर्गणीचा होता. उस्तादांना रिकामी चौकट दिसली असणार. ते काही बोलले नाहीत.

जाळी पुस्तकांच्या कपाटात ठेवली आहे. परवा भाच्याने ती पाहिली. "मामू, ही कशासाठी जपली?"

मी कपाट लावून घेतले.