न लागलेले आकडे

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर अक्कलकुव्याला एसटीतून उतरलं की पाय आपसूक चहाच्या टपरीकडे वळतात. मागच्या आठवड्यात तिथं एका पोरानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. ‘‘काका, हे बघा, परवाचा ओपन. लागला!’’ वीस-बावीसचं वय, सुरतेकडून कामावरून परतलेला. आकडा पाठवणारा कोण, कुठला, याला काही माहीत नाही. पाचशे रुपये टाकले की दुपारी आकडा येतो, एवढीच ओळख.

‘‘आणि नाही लागला तर?’’

‘‘तर पुढचा फुकट देतो ना!’’

पंखा फिरला नाही तर दुकानदार कुरकुरत का होईना, बदलून देतो. इथं चुकलेल्या आकड्याच्या बदल्यात दुसरा आकडा मिळतो आणि त्यावर लावायचे पैसे पुन्हा पोराच्याच खिशातून जातात.

मटक्याच्या या धंद्याचं मूळ आपल्या ओळखीच्या पिकात आहे. तळोदा-शहाद्याकडे कापूस वेचला जातो. मुंबईत मात्र पैजा लागायच्या त्या न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर. बाजार उघडतानाचा भाव ओपन, मिटतानाचा क्लोज. 1961 मध्ये ते भाव येणं बंद झालं. मग कल्याणजी भगत यांनी 1962 मध्ये आणि रतन खत्री यांनी 1964 मध्ये आपापला मटका सुरू केला. त्यात किती संसार धुळीला मिळाले हे वेगळं सांगायला नको. तरीही जुनी माणसं सांगतात, की आकडा ठरवणारे पत्ते चारचौघांदेखत निघायचे आणि चिठ्ठीवर लागलेले पैसे बुकी मोजून द्यायचा. साधुत्व म्हणून नव्हे. एकदा हात वर केले की उद्या त्याच्या दारात कोण उभं राहणार?

मोबाइलवर आकडे पाठवणाऱ्या, ‘गेसर’ म्हणून मिरवणाऱ्या या सल्लागाराची मात्र चिठ्ठीच नसते. त्याचं गणित बघा. ओपनला आकडे दहाच, शून्य ते नऊ. शंभर गिऱ्हाइकं गाठायची आणि दहा-दहा जणांना वेगळा आकडा पाठवायचा. दहा जणांचा लागणारच! ते दहा जण गावभर त्याची कीर्ती सांगत फिरतात, तेही एक पैसा न घेता. उरलेल्या नव्वदांनी जायचं कुठं? घरी सांगायची सोय नाही. पोलीस ठाण्यात जावं तर 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा तक्रारदारालाच आधी विचारणार, तू काय करत होतास? कोर्टाची वाटही बंद, कारण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करारच रद्दबातल. मुंबई इलाख्यानं तर त्याआधी, 1865 मध्येच, पैजेला जोडून केलेले करारही मोडीत काढले होते. पैजेची पाळंमुळं खणायला केलेले हे कायदे. आज त्यांच्या आडोशाला हा गेसर निवांत बसलाय. नव्वद जण गप्प बसतात, म्हणून त्याचं दुकान चालतं.

शेअर बाजार कायदेशीर आहे म्हणून तिथले टिपा देणारे वेगळ्या मातीचे असतात, असं मानायचं कारण नाही. 2024-25 मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी एक्याण्णव तोट्यात गेल्या, हा बाजाराची नियामक असलेल्या सेबीचाच अभ्यास. फरक एवढाच, की तिथं सल्ला विकायचा तर नोंदणी लागते आणि मागच्या कमाईचा दावा त्रयस्थाकडून तपासून घ्यायची व्यवस्थाही सेबीनं आता आणली आहे. उशिराच, पण आणली.

‘‘मागचे सगळे आकडे दाखव बरं,’’ मी पोराला म्हटलं. त्यानं बोटानं पडदा वर सरकवला. लागलेले तीन आकडे हिरव्या बदामांसह झळकत होते. मधल्या जागी ओळीनं एकच वाक्य : हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे. पोरानं दोनदा खाली-वर केलं. कितींदा पैसे गेले, हे त्यालाही नीट आठवेना.

चहाचे पैसे द्यायला मी खिशात हात घातला, तर तो म्हणाला, ‘‘राहू द्या काका, माझ्या नावावर.’’ टपरीवाल्यानं फळीवरून तेलकट वही काढली, तारीख घातली, दोन चहा लिहिले आणि वही त्याच्यापुढे फिरवली. ‘‘वाचून घे.’’